कोंबडीच्या पायाची शुश्रूषा

रायपूरसारख्या शहरातही परसात कोंबड्या पाळणारी कुटुंबे आढळतात. खुराड्यातील ओल, बसण्याची खडबडीत दांडी किंवा काटा यांमुळे कोंबडीच्या तळव्याला जखम होते. त्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस जिवाणू आत शिरतात. तळवा सुजतो, त्यावर काळी खपली धरते व कोंबडी लंगडते.

आरंभीच हातमोजे घालून पाय कोमट मिठाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावावे व स्वच्छ पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी. गाठ घरी कापू नये. सूज वाढल्यास पशुवैद्यकाकडे जावे. दुर्लक्ष केल्यास संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. प्रतिजैविक दिल्यास अंडी कधीपासून खावीत, हेही त्यांनाच विचारावे. मुका जीव वेदना सांगत नाही. ती पाळणाऱ्यानेच ओळखावी लागते.

पाठगत प्रश्न
कोंबडीच्या तळव्याला जखम होण्याची दोन कारणे लिहा.