विशेष शिक्षकाची प्राप्ती

बौद्धिक दिव्यांग मुलास सदऱ्याची गुंडी लावण्यास शिकविणे हे काम वरकरणी क्षुल्लक वाटते. विशेष शिक्षक या कृतीचे लहान टप्पे पाडतो. आधीचे टप्पे स्वतः करून केवळ शेवटचा मुलाकडून करवून घेतो आणि मग क्रमाने मागे सरकतो. त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाची अखेर यशातच होते. यास कधी कित्येक महिने लागतात. परंतु मूल आपणहून गुंडी लावते, त्या दिवशी ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही आईवडिलांची चिंता किंचित हलकी होते. वेतनाखेरीज या व्यवसायातील प्राप्ती ती हीच.

सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत याचे प्रशिक्षण मिळते. १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. धीराच्या तरुण-तरुणींनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा.