स्कूटरच्या टायरमध्ये हवा किती?

मे महिन्यातील दुपार आहे. जळगावहून भुसावळकडे निघालेला एक स्कूटरवाला नशिराबादला थांबतो. टायर हाताला गरम लागतो. सकाळी २८ पौंड हवा भरली होती, पण आता गेज ३२ दाखवतो. “हवा वाढली, टायर फुटेल,” असे म्हणून तो पुन्हा २८ होईपर्यंत हवा सोडून देतो. त्याने योग्य केले का?

प्रथम ‘२८ पौंड’ म्हणजे काय ते पाहू. टायरच्या आतील प्रत्येक चौरस इंचावर २८ पौंड, म्हणजेच प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २ किलोग्रॅम दाब. मागच्या चाकावर १०० किलोग्रॅम भार असेल, तर टायरचा सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. डबलसीट बसल्यास भार वाढतो आणि टायर अधिक दबतो. म्हणूनच मागच्या चाकात हवा जास्त लागते.

आता उष्णतेकडे वळू. आकारमान कायम असेल, तर वायूचा दाब त्याच्या केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. मात्र गेज वातावरणापेक्षा अधिक असलेला दाबच दाखवतो; म्हणून त्यात वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळवावे लागतात.

सकाळी २७° से. (३०० केल्व्हिन) : २८ + १५ = ४३
दुपारी टायरमधील हवा ५७° से. (३३० केल्व्हिन) : ४३ × ३३० ÷ ३०० = ४७.३
गेजवर : ४७.३ − १५ = सुमारे ३२

म्हणजे हवा वाढली नाही. वाढला तो दाब! कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरसाठी असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते.

स्कूटरवाल्याने मात्र हवाच कमी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज किती दाखवील? ४३ × ३०० ÷ ३३० = ३९; त्यातून १५ वजा करता उरले २४! कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, रबर अधिक तापते आणि तो फुटण्याचा धोका उलट वाढतो.

तेव्हा हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकड्याइतकीच ठेवावी.

सोडवून पाहा : सकाळी २७° से. ला गेज २५ पौंड दाखवतो. टायरमधील हवा ४२° से. झाल्यास किती दाखवील?
(उत्तर : २७ पौंड)