रंगाऱ्याचें झुडूप : जेनिस्टा

इंग्लंडांतील बागांत वसंताचा बहर ओसरला, म्हणजे एक ठेंगणें झुडूप पिवळ्या फुलांनीं भरून जातें व जूनपासून ऑगस्टपर्यंत फुलत राहतें. त्याचें शास्त्रीय नांव जेनिस्टा टिंक्टोरिया. बागेंत लावण्यास 'रॉयल गोल्ड' नांवाचा त्याचा आटोपशीर प्रकार चांगला. तो दोन-तीन फुटांहून फारसा वाढत नाहीं.

टिंक्टोरिया म्हणजे रंगाऱ्याच्या उपयोगाची. हिच्या डहाळ्या उकळून लोंकरीस पिवळा रंग देत. तीच लोंकर पुढें वोड नांवाच्या वनस्पतीच्या निळ्या रंगांत बुडविली कीं हिरवी होई. केंडल गांवचें हिरवें कापड ह्याच रीतीनें प्रसिद्धीस आलें. वोडमधील निळा रंग व आपल्याकडील निळीचा रंग हीं एकच द्रव्यें होत.

हें झुडूप लावणारानें प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, ह्यास लाड सोसत नाहींत. त्यास भरपूर ऊन व पाणी न साचणारी हलकी जमीन पाहिजे. हरभऱ्याप्रमाणें ह्याच्याहि मुळांवर गांठी असून त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्रवायु झाडास मिळवून देतात. म्हणून खत घालणाऱ्याच्या पदरीं पालाच फार पडतो, फुलें थोडीं. मूळ खोल जात असल्यामुळें रोप लहान असतांनाच त्यास कायमची जागा द्यावी. मोठें झाड उपटून दुसरीकडे लावल्यास तें बहुधा दगावतें. बियांचें कवच कठीण असतें; तें किंचित् खरवडून बीं रात्रभर कोमट पाण्यांत भिजवावें.

छाटणींत मात्र अनेकांचा घात होतो. फुलें सरतांच त्या वर्षाच्या कोंवळ्या फांद्यांचे शेंडे तेवढे कातरावे. जुन्या तपकिरी लांकडास कात्री लावूं नये. तेथून नवा कोंब सहसा फुटत नाहीं, आणि सुंदर झुडपाचा खराटा होतो. शेंगा व बिया विषारी आहेत, हेंहि घरांत लहान मुलें असणारांनीं विसरूं नये.

फुलाची रचना तर आम्हांस फारच मौजेची वाटते. त्यांत मध नसतो. मधमाशी परागासाठींच येते. ती बसतांच ताणून धरलेल्या खालच्या पाकळ्या एकदम सुटून खालीं पडतात आणि पराग माशीच्या पोटावर उडतो. एकदां सुटलेलें फूल पुनः पूर्वस्थितीस येत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांना हें झुडूप सहज पाहावयास मिळणार नाहीं. पण त्याच कुळांतील ताग आपल्या शेतांत आहे. तो फुलला म्हणजे जवळ उभें राहून पाहावें. भुंगा बसला कीं नौकेसारख्या पाकळ्यांच्या टोंकांतून पराग थोडा थोडा बाहेर येतो, आणि तो उडून गेला कीं नौका पूर्ववत् होते.