मुलाला काय मोलाचे वाटते?

पौष वद्य सप्तमीच्या सुमारास हिवरा आश्रम येथील विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीचा सोहळा भरतो, आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराजांनी घालून दिलेल्या रिवाजाबरहुकूम मोकळ्या शेतात लाखावर माणसांच्या पंक्ती बसतात, ट्रॅक्टरांतून पुरी आणि वांग्याची भाजी येते. आणि वाढणाऱ्यांत एखादा शाळकरी मुलगा, जवळच्या पानांवर पुन्हापुन्हा न वाढता, पंक्तीच्या टोकाला खोळंबलेल्या म्हातारीपर्यंत भाजीची बादली घेऊन जातो, तेव्हा त्याच्या अंतःकरणाचा जो दाखला मिळतो तो गुणपत्रिकेत सापडत नाही. पालकांनी त्याची तारीफ करण्याची घाई करू नये, रात्री घरी एवढेच विचारावे, “तिकडे जावंसं का वाटलं रे तुला?”

डोकेदुखी, पोटात कळ, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन मुले दवाखान्यात येतात. तपासण्यांत काही निघत नाही, पण बोलता बोलता उमगते, की वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा तगादा घरी अहोरात्र चालू असून, तुला स्वतःला काय मोलाचे वाटते, हे मात्र कोणीच विचारलेले नाही. डॉक्टर होणे हे उद्दिष्ट आहे, ते साधेल किंवा हुकेल. रुग्णाची शुश्रूषा करणे हे मूल्य आहे, आणि आजीला रक्तदाबाची गोळी वेळेवर देऊन ते आजच आचरता येते. मुलाने स्वतःच्या हाताने असे एकच मूल्य वहीत लिहावे व आठवड्यातून एक लहानसे कृत्य त्यासाठी करावे. वही तपासण्याचा अधिकार मात्र पालकांनी स्वतःकडे घेऊ नये.

किशोरवयात मत पालटते, मित्रांचा शब्द आईबापांच्या शब्दाहून वजनदार ठरतो. संयम व दूरदृष्टी सांभाळणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत असतो, तेव्हा या चंचलतेला अवगुण समजू नये. ज्यांच्या नावाने हिवऱ्याचा आश्रम उभा आहे, त्या विवेकानंदांना, म्हणजे तेव्हाच्या नरेंद्रालाही, १८८४ साली पितृछत्र हरपल्यावर, घरात अन्नाची भ्रांत असता, नोकरीसाठी वणवण करावी लागली आणि श्रद्धेविषयीच्या संशयांनी ग्रासले होते. मुलाने घरच्या देवधर्मावर वा रूढीवर हरकत घेतली, तर त्याची कैफियत पुरती ऐकावी.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगा उदास राहिला, जेवण-झोप बिघडली, तर शासकीय रुग्णालयातील, किशोरवयीनांसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकात किंवा आपल्या डॉक्टरांकडे त्याला न्यावे. आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर एक दिवसही न थांबता, त्याला एकटे न सोडता वैद्यकीय मदत घ्यावी. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.