तिला शहर शिकू द्या

मैत्रिणींना मोठ्या विद्यापीठांची पत्रं येत असतात आणि आपली मुलगी म्हणते, ‘मी कम्युनिटी कॉलेजला जाते, अर्बन स्टडीज घेते.’ तेव्हा आईबाबांच्या पोटात गोळा येतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या मराठी घरांत मी हे अनेकदा पाहिलंय. आई म्हणते, ‘सगळं सोडून इथे आलो ते यासाठी का?’ बाबा बोलत नाहीत, रात्री उशिरापर्यंत कुठल्या पदवीला किती पगार मिळतो ते शोधत बसतात. तुमची काळजी खरी आहे, म्हणूनच थोडं मोकळेपणाने बोलते.

आधी कम्युनिटी कॉलेजबद्दल. आपल्या मनात मेरिट लिस्ट आणि कटऑफ इतके पक्के बसलेत, की सगळ्यांना प्रवेश देणारं कॉलेज आपोआप हलकं ठरतं. अमेरिकेत ही कॉलेजं उभी राहिली ती वेगळ्या विचारातून. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं होतं, की बारावीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण फी न घेता, घराजवळ मिळायला हवं. विनामूल्य सगळीकडे झालं नाही, पण स्वस्त नक्की राहिलं. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या, म्हणजे क्यूनीच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला पूर्णवेळ शिक्षणासाठी वर्षाला ४,८०० डॉलर फी पडते, चार वर्षांच्या कॉलेजात ६,९३०. किरकोळ शुल्क वेगळं. खासगी विद्यापीठाच्या आकड्याशी तुलना तुम्हीच करा. अठराव्या वर्षी कर्ज डोक्यावर नसणं म्हणजे काय, हे घराचे हप्ते फेडणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू?

मॅनहॅटनला ब्रायंट पार्कसमोर गटमन कम्युनिटी कॉलेज आहे. २०१२ साली सुरू झालं. तिथे अर्बन स्टडीजची दोन वर्षांची पदवी आहे. शिवाय पहिल्या वर्षी प्रत्येकाला, मग त्याला अकाउंट्स शिकायचे असोत की कॉम्प्युटर, शहरावरचा ‘सिटी सेमिनार’ करावाच लागतो. पहिलं वर्ष पूर्णवेळ शिकायचं अशी अटही आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. कम्युनिटी कॉलेजात मुलं मागे पडतात ती बहुतेकदा नोकरी आणि वर्ग यांच्या ओढाताणीत. तुमचं दुकान असेल, तर निदान हे एक वर्ष तिला गल्ल्यावर बसवू नका.

आता विषय. ‘शहर म्हणजे शिकायचं काय त्यात?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. एक साधी गोष्ट घ्या. रस्ता ओलांडताना सिग्नलवर पांढरा माणूस जाऊन नारिंगी हात लुकलुकायला लागतो आणि शेजारी आकडे उलटे मोजले जातात. ते सेकंद कोणीतरी ठरवलेले असतात. अमेरिकेत नेहमीचा हिशोब माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असा धरतात. रस्ता ६० फूट रुंद असेल तर सतरा सेकंद पुरेत. पण गुडघे दुखणारी आजी सेकंदाला अडीच फूटच चालते, तिला चोवीस लागतात. उरलेले सात सेकंद ती गाड्यांच्या तोंडाशी असते. या विषयाची मुलं हातात घड्याळ आणि वही घेऊन चौकात उभी राहतात, कोण किती वेळात पलीकडे जातं ते टिपतात, मग शोधतात की ही वेळ बदलायची तर अर्ज कोणाकडे करायचा. गणित आहे, कायदा आहे आणि आपली आजीही आहे.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला. सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पडला. शहरातल्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या तासाला जेमतेम पावणेदोन इंच पाऊस गृहीत धरून बांधलेल्या. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरातल्या घरांत. बहुतेक क्वीन्समध्ये. दाराबाहेर पाणी साठलं की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, खिडक्या छोट्या. मग लोक तिथे राहतात कशाला? कारण वर परवडत नाही. अशी पुष्कळ तळघरं बेकायदा. भाडेकरू तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर आधी त्यालाच घर सोडावं लागतं. वाहिन्यांची क्षमता, भाडं, परवाने, स्थलांतर हे सगळे धागे एका रात्रीत एकत्र आले. ते सुटे करून पाहणं म्हणजे हा विषय.

तुमच्यापैकी जे २६ जुलै २००५ला मुंबईत होते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि जुन्या नाल्यांचा हिशोब तासाला २५ मिलिमीटरचा. त्या दिवशी तुम्ही कुठून कुठवर चालत गेलात, कोणी चहा दिला, ते मुलीला सांगा. ती वर्गात जे वाचणार आहे, त्याची पहिली माहिती तिला घरातच मिळेल.

नोकरीचं खरं सांगते. कॉम्प्युटरवाल्यांइतका पगार सुरुवातीला मिळत नाही. ‘प्लॅनर’ म्हणून चांगलं काम करायचं तर बहुधा मास्टर्स लागतं. पण महापालिकेचं नियोजन खातं, वाहतूक, गृहनिर्माण, नकाशांवर माहिती मांडण्याचं काम, भाडेकरूंच्या संस्था ही कामं खरी आहेत, आणि शहराला ती कायम लागतात. अनुभवासाठी पदवीची वाट पाहायलाही नको. न्यूयॉर्कमध्ये ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे वस्त्यांच्या स्थानिक समित्या आहेत. नवी इमारत, बस मार्ग, फुटपाथवरची हॉटेलं यावर त्यांच्या बैठकांत चर्चा होते. सोळा वर्षांच्या मुलांचीही तिथे नेमणूक होऊ शकते. बैठकीला नुसतं जाऊन बसायला तर कोणाची परवानगी लागत नाही.

जेन जेकब्स यांचं १९६१चं अमेरिकन शहरांवरचं पुस्तक आजही नियोजनकार वाचतात. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण आपली गल्ली त्यांनी नीट पाहिली होती. पदवी नको असं मी म्हणत नाही, उलट ती पुरी व्हावी यासाठीच पुढचं लिहिते.

दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट, बॅचलर्सला १२०. पुढे हंटर किंवा क्वीन्स कॉलेजात अर्बन स्टडीज घेता येतं, दोन्ही क्यूनीचीच. पण गोम इथे आहे: क्रेडिट ‘धरली’ जातात, पण कधी कधी मुख्य विषयात न धरता इलेक्टिव्ह म्हणून, आणि मुलीला तेच पुन्हा शिकावं लागतं. एक सेमिस्टर वाया, पैसेही. तेव्हा पहिल्याच सेमिस्टरमध्ये तिला तीन गोष्टी करायला सांगा. पदवी ‘ए.ए.’ आहे की ‘ए.ए.एस.’ ते पाहायचं, कारण दुसरी मुख्यतः थेट नोकरीसाठी असते. पुढे ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या सल्लागाराला विचारायचं, की यातले कोणते वर्ग मुख्य विषयात धराल. आणि उत्तर ईमेलवर मागायचं, तोंडी नको.

तिच्याबरोबर सल्लागाराच्या भेटीला तुम्हीही जा. प्रश्न तिलाच विचारू द्या. तुम्ही शेजारी बसा.