स्वमग्नता : आकलन आणि शुश्रूषा

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात पाचवीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, अक्षर रेखीव. पण भोजनाची घंटा झाली की तो दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसे. ‘‘जेवलास का?’’ असे विचारले, तर उत्तरादाखल तोही ‘‘जेवलास का?’’ असेच म्हणे. पंगतीतील त्याची जागा दुसऱ्याने घेतली, तर भिंतीवर डोके आपटी. आम्ही त्याला हट्टी ठरवले. समजावले, रागावलो, शिक्षाही केली. अखेर दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या वडिलांना सांगितले की, हा मुलगा वसतिगृहात राहण्याजोगा नाही. वडिलांनी एक शब्दही न बोलता त्याची पेटी उचलली.

पुढच्या वर्षी आरोग्य तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांनी शिक्षकांसमोर स्वमग्नतेची लक्षणे सांगितली. ती ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तोच मुलगा उभा होता. आम्ही त्याच्या गावी गेलो. वडिलांनी त्याला जिल्हा रुग्णालयात नेले आणि वयाच्या बाराव्या वर्षी त्याचे निदान झाले. जे ज्ञान आम्हाला उशिरा मिळाले, ते आपणापर्यंत वेळेत पोहोचावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ही जन्मजात भिन्नता असून ती आयुष्यभर राहते. तिचा परिणाम मुख्यतः दोन बाबींवर होतो. पहिली म्हणजे इतरांशी संवाद व संबंध. दुसरी म्हणजे त्याच त्या कृती, ठरावीक क्रमाचा आग्रह आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांविषयीची अतितीव्र किंवा अतिमंद संवेदना.

बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. त्यापूर्वीच १९२५ मध्ये मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांविषयी लिहिले होते. मात्र त्यांचे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. पुढे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ‘वर्णपटा’ची कल्पना रूढ केली. इंद्रधनुष्यातील रंग जसे एकमेकांत मिसळत जातात, तशीच ही अवस्था व्यक्तीगणिक वेगळी दिसते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी अभियंता होऊनही मित्र जोडू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. म्हणजेच प्रत्येक मोठ्या शाळेत, प्रत्येक वस्तीत असे मूल असण्याचा संभव आहे.

‘स्वमग्न’ या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होते. हे मूल स्वतःतच रमलेले असते, त्याला माणसे नकोत, असे आपण समजतो. वास्तविक त्यालाही माणसे हवी असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची त्याची वाट निराळी असते.

लक्षणे कशी ओळखावीत?

नऊ महिन्यांचे झाले तरी हाक मारल्यावर न पाहणे, वर्षाचे झाले तरी ‘टाटा’ न करणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न उच्चारणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून न बोलणे आणि आलेली बोली कोणत्याही वयात नाहीशी होणे, ही सावध करणारी चिन्हे आहेत. आकाशातील विमानाकडे बोट दाखवून ‘बघ’ असे आईला न सांगणे, हेही तसेच एक चिन्ह. काही मुले ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल करतात. स्वतःला तहान लागली असता ‘तुला पाणी पाहिजे’ असे म्हणतात. कारण ते वाक्य त्यांनी आईच्या तोंडून तसेच ऐकलेले असते. ‘डोके खाऊ नकोस’ यासारखा वाक्प्रचार ती शब्दशः घेतात आणि गोंधळतात.

मुलींमध्ये ही लक्षणे पुष्कळदा नजरेतून सुटतात. गप्प बसणाऱ्या मुलीला आपण ‘शहाणी’ म्हणतो आणि पुढे जातो.

एखाद्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पण वाट पाहतही बसू नये. ‘‘बापही उशिराच बोलला होता,’’ या घरगुती दिलाशात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात. प्रथम श्रवणतपासणी करावी व नंतर बालविकासतज्ज्ञांना दाखवावे.

दोष कोणाचा?

कोणाचाही नाही. एके काळी पाश्चात्त्य देशांत आईच्या थंडपणाला दोष दिला जाई. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा पिता होता, तो समज खोडून काढला. १९९८ मध्ये एका शोधनिबंधाने गोवर-गालगुंड-रुबेला लसीकडे बोट दाखवले. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. अनेक देशांतील मोठ्या अभ्यासांत लसीशी असा कोणताही संबंध आढळलेला नाही. अनेक जनुकांचा यात मोठा वाटा आहे, हे आज मान्य झाले आहे.

तरीही आपल्याकडे अजून बाहेरची बाधा, गर्भारपणी पाहिलेले ग्रहण, आईचे दुर्लक्ष अशी कारणे सांगितली जातात. अंगारे-धुपारे होतात, शहरांत महागडे ‘स्टेम सेल’ उपचार विकले जातात. स्वमग्नता समूळ नाहीशी करणारे औषध नाही. फिट, निद्रानाश, तीव्र अस्वस्थता यांवर औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

शुश्रूषा

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तोच अर्थ खरा ठरतो. ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याचे वर्तन हेच त्याचे बोलणे असते.

त्या मुलानंतर दोन वर्षांनी आमच्याकडे असाच दुसरा विद्यार्थी आला. या वेळी आम्ही शिक्षेऐवजी वही हाती घेतली. तो अस्वस्थ झाला की, त्याआधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर आम्ही काय केले, या तीन गोष्टी लिहून ठेवू लागलो. महिन्याभरात ध्यानी आले की, बहुतेक प्रसंग रविवारचे होते. इतर मुलांना सुट्टीचा आनंद; याला मात्र मोडलेल्या वेळापत्रकाची भीती. मग रविवारचा दिनक्रम चित्रे काढून त्याच्या खाटेशेजारी लावला. काम संपले की तो ते चित्र उलटे करी. पंगतीत त्याची जागा कायम केली आणि ताटांचा खणखणाट सुरू होण्यापूर्वी त्याला वाढू लागलो. तो ‘बरा’ झाला नाही. आजही घंटेच्या वेळी कान झाकतो. पण डोके आपटणे क्वचितच उरले आहे आणि तो आमच्यातच आहे.

घरीही हेच तत्त्व उपयोगी पडते. सूचना छोटी व स्पष्ट द्यावी. ‘जरा थांब’ याऐवजी ‘ही पोळी भाजून झाली की देते’ असे सांगावे. बदलाची कल्पना आधी द्यावी. त्याची आवड, मग ती बसचे क्रमांक असो वा पंख्याची पाती, हीच शिकवण्याची वाट करावी. वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांचे मार्गदर्शन घ्यावे. मात्र तज्ज्ञांकडचा एक तास आणि घरातील उरलेला दिवस यांत सुसंगती हवी. आणि आईलाही विश्रांती हवी. हा भार तिने एकटीनेच वाहावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी होते. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये ‘निरामय’ विमा मिळतो आणि अठरा वर्षांनंतर आवश्यक तेथे कायदेशीर पालक नेमता येतो. ‘आमच्यानंतर याचे काय?’ या प्रत्येक आईबापाच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नाही. उरलेले उत्तर समाजाने द्यायचे आहे.

आवाहन

आमचे माजी विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, तलाठी, वाहक अशा अनेक पदांवर आहेत. उद्या आपल्या वर्गात, दवाखान्यात किंवा एसटीत कान झाकून ओरडणारे एखादे मूल दिसेल. ‘वळण लावले नाही’ असे त्याच्या आईला म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. दया पुरेशी नसते. करुणेला प्रज्ञेची जोड हवी. प्रज्ञेविना आम्ही एका मुलाला गमावले आहे. ज्या दिवशी त्याच्या वडिलांनी मुकाट्याने पेटी उचलली, त्या दिवसाचे ऋण आमच्या शिरावर आहे. ते फेडण्यात आपण सहभागी व्हावे, एवढीच विनंती.