चूक, सबब आणि तौबा

मनुष्याच्या हातून चूक होणार, ही गोष्ट इस्लाम गृहीत धरतो. आदम (अ.) यांची सर्व संतती चुकणारी आहे आणि चुकणाऱ्यांमध्ये उत्तम ते, जे तौबा करतात, या आशयाचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे कथन हदीस ग्रंथांत आले आहे. तेव्हा चूक झाल्यानंतर आपण काय करतो, हाच खरा प्रश्न आहे.

पवित्र कुरआनातील सूरह अल्-आराफमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी आढळतात. इब्लीसने आज्ञा मोडली. त्याला जाब विचारला गेला तेव्हा त्याने आपल्या श्रेष्ठत्वाचा युक्तिवाद केला, आपण अग्नीपासून निर्माण झालो आणि आदम मातीपासून, असे सांगितले आणि पुढे आपल्या मार्गभ्रष्टतेचा दोष अल्लाहवरच ठेवला. हजरत आदम (अ.) व त्यांच्या पत्नीकडूनही आज्ञाभंग झाला, परंतु त्यांनी कोणाकडेही बोट दाखवले नाही. आम्ही आमच्याच जिवावर अन्याय केला, असे कबूल करून त्यांनी क्षमा व दया मागितली. सबब सांगणारा धिक्कारला गेला आणि कबुली देणाऱ्याची तौबा स्वीकारली गेली.

हाच फरक माणसाच्या जीवनात कसा प्रकट होतो, हे हजरत कअ्ब बिन मालिक (रजि.) यांच्या वृत्तान्तावरून समजते. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत तो सविस्तर आला आहे. विशेष म्हणजे तो स्वतः कअ्ब (रजि.) यांनीच सांगितलेला आहे. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी गेली, तेव्हा हाताला धरून नेणाऱ्या आपल्या पुत्राला त्यांनी हा प्रसंग ऐकवला आणि त्यात स्वतःची कोणतीही उणीव झाकली नाही.

उद्यावर ढकललेली तयारी

हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेची घोषणा झाली. कडक उन्हाळा होता, प्रवास दूरचा होता आणि मदीनेत फळे पिकून सावल्या सुखद झाल्या होत्या. कअ्ब (रजि.) हे अकबाच्या प्रतिज्ञेत सहभागी झालेले अन्सारी सहाबी व ख्यातनाम कवी होते. त्या वेळी ते पूर्वी कधी नव्हते इतके सशक्त व संपन्न होते आणि त्यांच्याकडे प्रवासाचे दोन उंट होते. रोज सकाळी ते तयारीसाठी निघत आणि काहीही न करता परतत. हवे तेव्हा तयारी करता येईल, असे मनाला समजावीत. लोक निघून गेले तेव्हाही, वेगाने जाऊन त्यांना गाठू, असा विचार त्यांनी केला. पण तोही दिवस गेला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. कअ्ब (रजि.) यांनी मोहिमेला जायचे नाही, असा निश्चय कधीच केला नव्हता. त्यांनी केवळ उद्यावर ढकलले. आपल्याही बहुतेक चुका अशाच घडतात. नमाज सोडायची असे कोणी ठरवत नाही. कर्ज बुडवायचे असेही बहुधा कोणी ठरवत नाही. आज राहिले, उद्या पाहू, एवढेच आपण म्हणतो. नंतर मदीनेत फिरताना कअ्ब (रजि.) यांना दांभिकतेचा आरोप असलेले किंवा खरोखरीच असमर्थ असलेले लोकच दिसू लागले आणि त्यांना खेद होऊ लागला.

दोन मार्ग

प्रेषित (स.) परतत असल्याची वार्ता आली, तेव्हा कअ्ब (रजि.) यांच्या मनात प्रथम खोट्या सबबीच आल्या. कोणते कारण सांगावे, याविषयी त्यांनी घरातील जाणत्या माणसांशी विचारविनिमयही केला. हे लपवावेसे वाटण्याजोगे होते, तरी त्यांनी तेही सांगून ठेवले. प्रेषित (स.) मस्जिदीत बसले, तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक शपथा घेऊन सबबी सांगू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचे वरवरचे म्हणणे स्वीकारले, त्यांच्यासाठी क्षमा मागितली आणि त्यांच्या अंतःकरणातील गोष्ट अल्लाहवर सोपवली. ते सुटल्यासारखे दिसले.

कअ्ब (रजि.) यांची पाळी आली. ते वाक्चतुर होते. एखाद्या दुनियादार माणसासमोर असतो तर सबब सांगून सहज सुटलो असतो, असे त्यांनी स्वतःच सांगितले. परंतु आज खोटे बोलून प्रेषितांना (स.) प्रसन्न केले, तर अल्लाह लवकरच त्यांना आपल्यावर अप्रसन्न करील, ही जाणीव त्यांना होती. आपल्याकडे कोणतीही सबब नव्हती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. याने खरे सांगितले आहे, असे म्हणून प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहच्या निर्णयाची प्रतीक्षा करण्यास सांगितले.

बाहेर पडताच त्यांच्याच कबिल्यातील लोक त्यांना दोष देऊ लागले: तूही एखादे कारण का सांगितले नाहीस? त्यांनी इतका आग्रह धरला की परत जाऊन आपले शब्द फिरवावेत, असे कअ्ब (रजि.) यांना वाटू लागले. तेवढ्यात त्यांना कळले की हजरत मुरारा बिन रबीअ (रजि.) आणि हजरत हिलाल बिन उमय्या (रजि.) या दोन सदाचारी पुरुषांनीही खरेच सांगितले आहे. त्या आधाराने ते आपल्या शब्दावर टिकून राहिले.

पन्नास रात्री

या तिघांशी कोणीही बोलू नये, असा आदेश झाला. पन्नास रात्री अशा गेल्या. इतर दोघे घरात बसून रडत राहिले, कअ्ब (रजि.) मात्र मस्जिदीत येत, जमातीत नमाज अदा करीत, प्रेषितांना (स.) सलाम करीत आणि उत्तरादाखल त्यांचे ओठ हलले की नाही, हे पाहत. ते नमाजमध्ये असताना प्रेषितांची (स.) नजर त्यांच्याकडे वळे, त्यांनी पाहिले की ती दुसरीकडे फिरे. त्यांचे लाडके चुलतभाऊ अबू कतादा (रजि.) यांनीही सलामाचे उत्तर दिले नाही, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. चाळीस दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्याचा आदेश आला.

याच काळात गस्सानच्या राजाचे पत्र त्यांच्या हाती पडले: तुमच्या माणसाने तुमच्याशी कठोर वर्तन केल्याचे कळले, आमच्याकडे या, आम्ही तुमचा मान राखू. दुखावलेल्या मनाला यापेक्षा मोठे प्रलोभन कोणते असेल? परंतु हीदेखील परीक्षाच आहे, हे ओळखून कअ्ब (रजि.) यांनी ते पत्र भट्टीत जाळून टाकले. चूक दाखवून देणाऱ्यांचा राग धरून गोंजारणाऱ्यांकडे जाणे त्यांनी नाकारले.

पन्नासाव्या रात्रीनंतरच्या पहाटे, फजरची नमाज अदा करून ते घराच्या छतावर बसले असता सलअ डोंगरावरून शुभवार्तेची हाक ऐकू आली. ते सजद्यात कोसळले. ती वार्ता घेऊन येणाऱ्याला त्यांनी अंगावरचे वस्त्र काढून दिले आणि स्वतः उसने वस्त्र नेसून मस्जिदीकडे धावले. आनंदाने उजळलेल्या चेहऱ्याने प्रेषितांनी (स.) सांगितले की, तुझ्या जन्मापासूनचा हा सर्वोत्तम दिवस आहे. सूरह अत्-तौबाच्या ११८ व्या आयतीत या तिघांच्या तौबेच्या स्वीकाराचा उल्लेख आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत श्रद्धावंतांना सत्यवानांसोबत राहण्याची आज्ञा आहे. सबबी सांगून सुटलेल्यांविषयी मात्र त्याच सूरहमध्ये अत्यंत कठोर शब्द आले आहेत.

आपल्या घरासाठी बोध

विद्वानांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत: चूक सोडणे, तिचा पश्चात्ताप होणे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणे. शेवटच्या अटीवर आपण बहुधा अडतो. सूरह अन्-निसामध्ये मुलीचा वारसाहिस्सा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. तरीही कित्येक घरांत बहिणीचा हिस्सा भावाकडेच राहतो. विचारले तर सबबी तयार असतात: तिच्या लग्नात खर्च केला होता, तिने कधी मागितलाच नाही, जमीन वाटली तर उरणार काय? ज्याने असे केले असेल, त्याने मुसल्ल्यावर कितीही अश्रू ढाळले तरी बहिणीचा हिस्सा तिच्या हाती जात नाही. त्याला उठून तिच्या दाराशीच जावे लागेल.

कअ्ब (रजि.) यांची तौबा शब्दांपुरती राहिली नाही. त्यांनी संपत्तीचा मोठा भाग सदका केला आणि खैबरमधील हिस्सा तेवढा स्वतःसाठी ठेवला. सत्यानेच आपल्याला वाचवले, म्हणून उर्वरित आयुष्यात सत्यच बोलण्याची प्रतिज्ञा त्यांनी केली. जी उणीव उघडी पडली होती, तिच्याच जागी त्यांनी सद्गुण रुजवला.

मातापित्यांसाठीही यात एक बोध आहे. त्या पन्नास दिवसांत प्रेषितांनी (स.) शिस्त ढळू दिली नाही, परंतु क्षमा झाली तेव्हा मस्जिदीत हजरत तलहा (रजि.) उठून धावत आले, त्यांनी हात हातात घेतला आणि अभिनंदन केले. कोणीही जुन्या चुकीचा टोमणा मारला नाही. हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांनी अपराध कबूल केला, तेव्हा त्यांनीही आज तुम्हाला कसलाही दोष नाही, असेच सांगितले होते. आपल्या घरात मुलाने चूक कबूल केली तर काय घडते? खरे बोलणाऱ्याला मार आणि सबब सांगणाऱ्याला सुटका, असा अनुभव येत असेल, तर आपणच त्याला सबबीचे शिक्षण देत आहोत. त्याला परिणाम भोगू द्यावा, नुकसान भरून काढण्यास लावावे. पण त्याने खरे सांगितले, याची प्रशंसाही त्याच्या कानी पडू द्यावी.

आज इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ एकांतात बसा. आपली एकच चूक समोर घ्या आणि तिच्याभोवती आपण रचलेल्या सबबी एकेक करून बाजूला काढा. कोणाची क्षमा मागायची आहे, कोणाला काय परत करायचे आहे, हे ठरवा आणि ते उद्यावर ढकलू नका. अल्लाह आपल्याला आपली चूक ओळखण्याची दृष्टी, ती कबूल करण्याचे धैर्य आणि ती सुधारण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.